साखरेचा आकडा कोण ओढतेय? घरच्या ग्लुकोमीटरने हार्मोन्स वाचण्याची सात दिवसांची वही

उपाशीपोटी अंगातल्या पाच लिटर रक्तात मिळून साखर असते ती चहाचा एक चमचा. शंभर मिलिलिटरला शंभर मिलिग्रॅम, म्हणजे लिटरला एक ग्रॅम आणि पाच लिटरला पाच. आता दुपारच्या खानावळीतले ताट बघा. तीनशे ग्रॅम शिजलेला भात म्हणजे ऐंशीच्या वर ग्रॅम कर्बोदके, आणि ती सगळी ग्लुकोज होऊन पुढच्या दोन-तीन तासांत रक्तातूनच जाणार. रक्तात एक चमचा आणि ताटात सोळा, असा हा व्यवहार. तरी निरोगी माणसाचा आकडा सहसा १४० ओलांडत नाही आणि चार तासांत परत ९०च्या आसपास येऊन बसतो.

हे काम हार्मोन्सचे. ती एक रस्सीखेच आहे, आणि ग्लुकोमीटरवर दिसते ती त्या क्षणी रस्सी कुठे आहे एवढीच गोष्ट. कोण ओढतेय, हे नुसता आकडा सांगत नाही. त्यासाठी घड्याळ, ताट आणि आकडा एका ओळीत लिहावे लागतात. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंडियाब पाहणीत देशातल्या प्रौढांमध्ये मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के निघाले, आणि गोव्यात २६.४ टक्के, सगळ्या राज्यांत जास्त. त्यामुळे इथे घरोघर ग्लुकोमीटर आहेत. वह्या मात्र नाहीत.

एक गोष्ट आधीच: या वहीवरून गोळीचा किंवा इन्सुलिनचा डोस आपणहून बदलायचा नाही. वही डॉक्टरांसमोर उघडायची. पुढचे सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर या आपल्या नेहमीच्या मापात आहेत.

रस्सी ओढणारे

स्वादुपिंड जठराच्या मागे आडवे पडलेले असते, वजन ऐंशी-शंभर ग्रॅम. त्याचा बहुतेक भाग पाचकरस करण्यात गुंतलेला. हार्मोन्स करणाऱ्या पेशी त्यात बेटांसारख्या विखुरलेल्या. बेटे दहा लाखांच्या आसपास, पण सगळ्यांचे वजन एक-दोन ग्रॅम. १८६९ मध्ये पॉल लांगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याने ती सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा टिपली. ती कशासाठी आहेत, हे त्याला उमगले नव्हते.

बेटातल्या बीटा पेशी इन्सुलिन करतात. रक्तातले ग्लुकोज वाढले की ते बीटा पेशीत शिरते, तिथे जळते आणि पेशीतली ऊर्जा वाढते. त्याबरोबर पेशीच्या आवरणातली पोटॅशियमची दारे मिटतात, कॅल्शियमची उघडतात आणि आत भरून ठेवलेल्या इन्सुलिनच्या पुड्या बाहेर रित्या होतात. पहिला लोट दहा मिनिटांत संपतो. त्यामागून दुसरा येतो, संथ आणि लांबलचक. टाइप २ मधुमेहात आधी कोलमडतो तो हा पहिला लोट. म्हणूनच उपाशीपोटीचा आकडा चांगला आणि जेवणानंतरचा १९०, असे चित्र पुष्कळ घरांत दिसते. सकाळीच तेवढे बोट टोचणाऱ्याला ते कधी दिसत नाही.

इन्सुलिन दोन कामे करते. स्नायू आणि चरबीच्या पेशींच्या भिंतीवर ग्लुकोज आत घेणारी दारे आणून बसवते, आणि यकृताला सांगते की आता बाहेर साखर सोडू नकोस, साठव. यकृतात साधारण १०० ग्रॅम साखर ग्लायकोजेनच्या रूपात मावते, स्नायूंत मिळून ४०० ग्रॅम. यात एक गोम आहे. स्नायूंचे कोठार फक्त त्यांच्या स्वतःसाठी. तिथली साखर रक्तात परत सोडायला लागणारे एन्झाइमच त्यांच्याकडे नसते. अडीअडचणीला शरीरभर साखर वाटतो तो मुख्यतः यकृतच. मेंदूला आपल्या पेशींत साखर घ्यायला इन्सुलिनची परवानगी लागत नाही.

रस्सीचे दुसरे टोक अल्फा पेशींच्या ग्लुकॅगॉनकडे. ग्लुकॅगॉन यकृताला उलटा हुकूम देते: कोठार उघड. रात्रभर तुम्ही झोपलेले असता तेव्हा यकृत ताशी सात-आठ ग्रॅम साखर रक्तात सोडत असते, त्यातली मोठी वाटणी मेंदू नेतो. कोठार आटत आले की यकृत प्रथिनांतून आणि चरबीतल्या ग्लिसरॉलमधून नवी साखर घडवते. ‘रात्री काहीच खाल्ले नाही, तरी सकाळी साखर कुठून आली?’ हा दवाखान्यात रोज ऐकू येणारा प्रश्न. उत्तर असे की ती खाल्लेली साखर नव्हेच, ती यकृताने वाटलेली.

याखेरीज आणखी पाच जण आहेत. आतड्यातून निघणारी जीएलपी-१ आणि जीआयपी ही हार्मोन्स अन्न पोहोचताच स्वादुपिंडाला आगाऊ वर्दी देतात. तेवढीच साखर शिरेतून दिली तर इन्सुलिन कमी सुटते, तोंडाने घेतली तर जास्त, ते यांच्यामुळे. ॲड्रेनलिन, कॉर्टिसॉल आणि वाढीचे हार्मोन ही तिन्ही साखर वर ओढणारी. थोडक्यात, खाली ओढणारे एक आणि वर ओढणारे चार. उपासमार हा माणसाचा जुना वैरी, त्याच्याविरुद्ध शरीराने भरपूर तजवीज करून ठेवली आहे. रोज दोन वेळा पोटभर भात मिळेल, हे त्याच्या हिशोबात नव्हते.

पट्ट्या आणि आपली हवा

मीटर कुठलाही चालेल, पण स्ट्रिपच्या डबीकडे लक्ष द्या. स्ट्रिपच्या टोकाला वाळलेल्या एन्झाइमचा थर असतो, आणि गोव्यात जून ते सप्टेंबर त्याचा शत्रू म्हणजे हवा. डबीच्या झाकणात किंवा आत दमटपणा शोषणारे द्रव्य असते, म्हणून स्ट्रिप काढल्याक्षणी झाकण लावा, टप्प असा आवाज येईपर्यंत. सुट्या स्ट्रिप पाकिटात, चष्म्याच्या डबीत ठेवू नका. फ्रीजमध्येही नको, बाहेर काढल्यावर आत दव धरते. डबी फोडल्याची तारीख पेनने तिच्यावर लिहा. फोडल्यापासून किती महिने चालते ते डबीवर छापलेले असते, आणि ती मुदत बहुधा बाहेरच्या एक्स्पायरीच्या आधी संपते. दमट झालेली स्ट्रिप बरेचदा एरर दाखवते. ते परवडले, कारण कधी कधी ती चुकीचा आकडाही मुकाट्याने देते.

सात दिवसांच्या वहीसाठी रोज दोन टोचण्या पुरतात. पंचवीसची एक डबी घ्या, चुकल्यामाकल्याला थोड्या उरतील.

थेंब

आता थेंबाकडे जरा जवळून बघू. मे महिना, मानकुराद कापून झाला आहे, हात फडक्याला पुसला आणि बोट टोचले. मीटर म्हणतो २८०. घरात धावपळ. खरा आकडा असतो ११०. थेंब एक मायक्रोलिटरहून लहान असतो. बोटावर उरलेला आंब्याचा रस डोळ्यांना दिसतही नाही, पण त्या थेंबात मिसळला की आकडा दुप्पट करायला पुरेसा. स्पिरिटच्या बोळ्याने तो नीट निघत नाही. साबण आणि पाणीच लागते.

म्हणून हात साबणाने धुवा, कोमट पाणी असेल तर बरे, आणि पूर्ण कोरडे करा, कारण ओल्या बोटावर थेंब पातळ होऊन आकडा खोटा उतरतो. हात मिनिटभर खाली सोडून ठेवा. टोचायचे ते बोटाच्या पेराच्या बाजूला. मध्यावर नसा जास्त, दुखते जास्त. अंगठा आणि तर्जनी शक्यतो वगळा, दिवसभर त्यांचेच काम असते. थेंब येत नसेल तर तळव्याकडून बोटाकडे हलके चोळा, पण टोकाशी पिळू नका. पिळले की पेशींमधले पाणी रक्तात मिसळते. स्ट्रिपचे टोक थेंबाला नुसते लावायचे, ती आपणच ओढून घेते. कमी भरली म्हणून वरून दुसरा थेंब देऊ नका, स्ट्रिप बदला. लॅन्सेट, म्हणजे टोचायची सुई, एकदाच वापरायची आणि दुसऱ्या माणसाला तर कधीच नाही. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या, झाकणाच्या बाटलीत टाका.

आकडा कितपत खरा? मान्य निकषानुसार १००च्या वर १५ टक्के आणि १००च्या खाली १५ मिलिग्रॅम इतका फरक मीटरला माफ असतो. म्हणजे १४० आणि १५५ यांत काही झाले असे समजून घाबरायचे कारण नाही. पंडुरोग असेल, हिमोग्लोबिन फार उतरलेले असेल, तर बरेच मीटर साखर प्रत्यक्षाहून जास्त दाखवतात.

सात दिवस

हा आठवडा चतुर्थीचा किंवा घरच्या लग्नाचा नसावा. नेवऱ्या आणि पातोळ्यांचा आठवडा हवा तर वेगळा लिहा, तोही बोलका असतो. पण आधी साधा आठवडा. इन्सुलिनवर असाल तर डॉक्टरांनी सांगितलेल्या नेहमीच्या तपासण्या चालूच ठेवा, ही वही त्यांच्यावर भर.

पहिले दोन दिवस रात्री झोपताना एक आणि सकाळी उठल्याबरोबर एक. सकाळची तपासणी चहाच्या आधी, पोदेराचा भोंपू ऐकून पाव आणायला उठण्याआधीच. शेवटच्या घासाला आठ तास झालेले हवेत, पाणी चालते. हे दोन आकडे यकृताविषयी बोलतात. रात्री १४० आणि सकाळी १२५, तर यकृत इन्सुलिनचे ऐकतेय. रात्री १४० आणि सकाळी १७५, तर पहाटे कोणीतरी वर ओढले. पहाटे तीननंतर कॉर्टिसॉल आणि वाढीचे हार्मोन अंगाला जागे करायला चढू लागतात आणि यकृताला साखर सोडायला लावतात. निरोगी माणसाचे स्वादुपिंड तेवढेच जास्त इन्सुलिन सोडून हे झाकते. मधुमेहात ते झाकले जात नाही. याला पहाटेचा चढ म्हणू या.

तिसऱ्या दिवशी नेहमीचे दुपारचे जेवण, काहीही न बदलता. जेवणाआधी एक, आणि पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी दुसरी. शेवटच्या घासापासून नव्हे. बहुतेक वह्यांत चूक होते ती इथे. भात वाटीने मोजा. दीडशे ग्रॅम शिजलेला भात म्हणजे सुमारे ४० ग्रॅम कर्बोदके. हुमण, तळलेला बांगडा, सोलकढी यांत कर्बोदके नगण्य. नुस्त्याने, म्हणजे मासळीने, साखर वाढली असे म्हणणाऱ्याने नुस्त्याखालचा भात मोजावा. फक्त कोकम सरबत आणि सोलकढी यांची गल्लत नको, सरबतात साखर घातलेली असते.

चौथ्या दिवशी तेच जेवण, भात तेवढाच, पण आधी भाजी आणि नुस्ते खा, भात शेवटी. पाचव्या दिवशी तिसऱ्या दिवसासारखेच जेवा आणि उठल्यावर वीस मिनिटे चाला. तीन दुपारच्या तीन जोड्या शेजारी लिहा. भात शेवटी खाल्ला की जठर सावकाश रिते होते, जीएलपी-१ आधीच सुटलेले असते, आणि चढ बहुधा कमी निघतो. चालण्याची गंमत निराळी: आकुंचन पावणारा स्नायू ग्लुकोजची दारे इन्सुलिनची वाट न पाहता भिंतीवर आणतो. ज्याचे इन्सुलिन काम करेनासे झाले आहे, त्यालाही हे मागचे दार उघडे असते. ही वीस मिनिटे बरेच काम करतात म्हणून आम्ही गोळ्यांपेक्षा याविषयी जास्त बोलतो, आणि ऐकणारे गोळ्यांविषयीच विचारतात.

सहावा दिवस न्याहारीचा. दोन पाव म्हणजे सुमारे ४० ते ४५ ग्रॅम कर्बोदके, बहुतांशी मैदा. कोंड्याची पोई बरी, पण ती खरोखर कोंड्याची असेल तर. मैद्यावर वरून कोंडा भुरभुरलेली पोई ही पावाचीच बहीण. उकड्या तांदळाचा भात गुळगुळीत पांढऱ्या तांदळापेक्षा साखर सावकाश चढवतो, कारण तुसासकट उकडताना त्यातल्या स्टार्चची घडण बदलते. पेजेचे तसे नाही. ती घोटून मऊ झालेली असते, गटागटा प्यायली जाते, आणि वाडगाभर पेजेत तांदूळ किती हा घरागणिक वेगळा प्रश्न. न्याहारीच्या दिवशी जे तुम्ही खरेच रोज खाता तेच खा. दाखवायला ओट्स खाल्लेला दिवस वहीत काही शिकवत नाही.

उपवासाच्या दिवसाचा आकडाही जमला तर पकडा. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च. एकादशीला साखर जास्त, हे पाहून पुष्कळांना धक्का बसतो.

सातव्या दिवशी गजर लावून पहाटे तीनला एक, आणि उठल्यावर एक. सकाळचा आकडा सतत चढा असलेल्यांसाठी ही सगळ्यात मोलाची जोडी. तीनला १३०, सकाळी १७०: पहाटेचा चढ. तीनलाही १८०: रात्रीचे जेवण उशिरा आणि जड, किंवा रात्रीचे औषध कमी. तीनला ६२ आणि सकाळी १९०: रात्री साखर खाली गेली आणि ॲड्रेनलिन-कॉर्टिसॉलने ती वर फेकली असण्याची शक्यता, इथे सकाळच्या आकड्याकडे पाहून कोणी डोस वाढवला तर रात्र आणखी धोक्याची होईल. तिन्ही ठिकाणी सकाळ चढी, पण उपाय तीन, आणि शेवटचा पहिल्या दोघांच्या उलटा. तीनला ७०च्या खाली सापडली तर ती वहीत लिहून झोपायचे नाही, आधी साखर घ्यायची. कशी, ते पुढे आहे.

जोड्या वाचताना

जेवणाआधी आणि दोन तासांनी यातला फरक ५०च्या आत असेल तर ते जेवण पचवण्याइतके इन्सुलिन अंगात आहे. ८०-१०० चढत असेल तर जेवण मोठे आहे किंवा पहिला लोट गेला आहे. मधुमेह असलेल्या बहुतेक प्रौढांसाठी जेवणाआधी ८० ते १३० आणि दोन तासांनी १८०च्या आत हे लक्ष्य धरतात. वयस्क, एकटे राहणारे, हृदयविकार असलेले यांचे लक्ष्य डॉक्टर सैल ठेवतात, आणि ते बरोबर असते.

१८०चा आकडा हवेतून आलेला नाही. साधारण तेवढ्या पातळीपर्यंत मूत्रपिंड गाळलेली सगळी साखर परत खेचून घेते; त्यापुढे ती लघवीत सांडू लागते, सोबत पाणी ओढून नेते, आणि रात्री चारदा उठणे, घशाला कोरड पडणे सुरू होते.

एचबीए१सी ही तपासणी तीन महिन्यांची सरासरी सांगते: ७ टक्के म्हणजे सरासरी १५४, ८ म्हणजे १८३. पण कधी ६० आणि कधी २५० अशी झुलणारी साखरही सरासरीत १५४ दिसू शकते. म्हणून दोन्ही लागतात. शरीरात लोह कमी असेल तर एचबीए१सी खोटा चढा येऊ शकतो.

निदानाचे आकडे वेगळे, आणि ते प्रयोगशाळेचेच धरायचे: उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी २०० किंवा जास्त, एचबीए१सी ६.५ किंवा जास्त. त्रास नसेल तर एकाच आकड्यावर शिक्का मारत नाहीत, पुन्हा तपासतात. ताप, मार, ऑपरेशन यांत कॉर्टिसॉल आणि ॲड्रेनलिन वर असतात. दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर तेच काम त्या करतात, आणि साखर दुपारनंतर जास्त उडते. अशा दिवसांचा आकडा वहीत लिहा, पण शेजारी कारणही लिहा.

तुमची गोळी कुठली रस्सी ओढते हे एकदा समजून घ्या, म्हणजे वही नीट वाचता येते. मेटफॉर्मिन मुख्यतः यकृताचा हात आवरते, म्हणून सकाळचा आकडा उतरवते. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या बीटा पेशीची ती पोटॅशियमची दारे थेट बंद करतात, रक्तात साखर असो वा नसो. जेवण चुकले की साखर कोसळते ती याच गोळ्यांनी. सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन या जीएलपी-१ला लवकर मोडू देत नाहीत आणि साखर वाढलेली असेल तेव्हाच जोर लावतात. डापाग्लिफ्लोझिन मूत्रपिंडाचा तो १८०चा उंबरठा खाली आणते. ती गोळी चालू असताना उलट्या, जुलाब झाले किंवा खाणे थांबले तर ती चालू ठेवावी का, हे डॉक्टरांना लगेच विचारा.

साखर खाली गेली तर

आकडा ८०च्या खाली सरकू लागला की शरीर आधी इन्सुलिन थांबवते. सत्तरच्या खाली ग्लुकॅगॉन आणि ॲड्रेनलिन उसळतात. त्याहून खाली कॉर्टिसॉल आणि वाढीचे हार्मोन. पन्नाशीत मेंदू अडखळू लागतो. हात थरथरणे, छातीत धडधड, घाम, भूक ही ॲड्रेनलिनची लक्षणे. बरळणे, चिडचिड, दोन-दोन दिसणे ही मेंदूची. ज्यांना वर्षानुवर्षे वारंवार साखर खाली जायची सवय झाली आहे त्यांना पहिली लक्षणे जाणवतच नाहीत, ते थेट दुसऱ्यांवर जातात. रक्तदाब किंवा थरथर यासाठी प्रोप्रानोलॉलसारखी गोळी चालू असेल तर धडधड झाकली जाते, घाम मात्र येतो. घरच्यांनी घामावर नजर ठेवावी.

७०च्या खाली आकडा, किंवा मीटर हाताशी नाही पण लक्षणे आहेत, तर १५ ग्रॅम साखर: तीन सपाट चहाचे चमचे, अर्ध्या पेल्या पाण्यात विरघळवून. पंधरा मिनिटे थांबा, पुन्हा तपासा, अजून खाली असेल तर पुन्हा तेवढेच. वर आली की मग भात किंवा पोई, म्हणजे परत घसरणार नाही. चुका होतात त्या अशा: चॉकलेट किंवा मिठाई देतात, तिच्यातली चरबी साखर शोषायला उशीर लावते. शहाळे देतात, त्यात साखर इतकी कमी की पंधरा ग्रॅमला दीड-दोन पेले लागतील. घाबरून अख्खी वाटी साखर चारतात आणि तासाभराने ३०० येते. आणि ज्यांना व्होग्लिबोज किंवा अकार्बोज चालू आहे त्यांना घरची साखर देतात. या गोळ्या साखरेचे ग्लुकोज व्हायचे कामच आतड्यात अडवतात. अशा घरात ग्लुकोज पावडरचे पाकीट हवेच.

माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, श्वासनलिकेत जाईल. कुशीवर वळवा आणि १०८ला फोन करा. ग्लिमेपिराइडसारख्या गोळीने गेलेली साखर तासांनी पुन्हा घसरते, म्हणून शुद्धीवर आल्यावर ‘आता बरे वाटते’ म्हणून घरी राहू नये.

इथेच फेणीचे सांगून टाकतो. दारू मोडताना यकृत इतके गुंतते की नवी साखर घडवण्याचे काम मागे पडते. कोठारात ग्लायकोजेन असेपर्यंत कळत नाही. उपाशीपोटी दोन पेग, वर इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, आणि पहाटे कोठार संपले की ग्लुकॅगॉनच्या हाकेला यकृताकडे द्यायला काही नसते. घरच्यांना वाटते चढली आहे, झोपू द्या. तो वास फेणीचा असतो आणि झोप साखरेची. हुर्राकाच्या मोसमातही हेच. मधुमेही घरात प्यायलेला माणूस बरळत असेल तर आधी बोट टोचा.

इन्सुलिन टोचत असाल तर

जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत चौदा वर्षांच्या लेनर्ड थॉम्पसनला पहिल्यांदा बाहेरचे इन्सुलिन दिले गेले. पहिली सुई नीट लागू पडली नाही. काही दिवसांनी जास्त शुद्ध केलेला अर्क दिला, तो लागू पडला. शंभर वर्षांत औषध कितीतरी सुधारले, पण बाटली आणि सिरिंज यांची जोडी अजून चुकते.

आपल्याकडे यू-४० आणि यू-१०० अशा दोन्ही शक्तींच्या बाटल्या मिळतात. यू-४०च्या एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट, यू-१००मध्ये १००. यू-४०ची सिरिंज सहसा लाल टोपीची, यू-१००ची नारिंगी. टोपीवर विसंबू नका, सिरिंजवर छापलेले वाचा आणि बाटलीशी जुळवा. यू-१००चे औषध यू-४०च्या सिरिंजने ‘वीस’ भरले तर अंगात पन्नास जाते. उलट केले तर विसाच्या जागी आठ. दुकानात एक ब्रँड नाही म्हणून दुसरा घेतला, की पहिल्यांदा हेच तपासायचे.

न उघडलेली बाटली फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांत, मधल्या कप्प्यात. फ्रीझरला चिकटून ठेवलेली गोठते, आणि गोठलेले इन्सुलिन वितळले तरी टाकूनच द्यायचे. चालू बाटली सावलीत ३० अंशांच्या आत सहसा चार आठवडे टिकते, नेमकी मुदत खोक्यातल्या कागदावर बघा. वीज गेली तर फ्रीजचे दार उघडू नका, काही तास थंडावा धरतो. मडक्यात पाणी घालून बाटली ठेवायची युक्ती घाटावरच्या कोरड्या हवेत छान चालते. आपल्या पावसाळ्यात मडके झिरपते पण गार होत नाही, कारण हवाच पाण्याने भरलेली. उन्हात उभ्या स्कूटरच्या डिकीत किंवा होडीवरच्या पेटीत बाटली ठेवलीत तर ती गेली असे समजा. साधे इन्सुलिन पाण्यासारखे स्वच्छ दिसायला हवे. दुधाळ इन्सुलिन तळव्यांत दहा-वीस वेळा घोळवल्यावर एकसारखे पांढरे व्हायला हवे. कडेला बर्फाच्या नक्षीसारखे कण चिकटले असतील किंवा तळाशी गाठी फिरत असतील तर नवी बाटली घ्या.

पोटावर टोचताना बेंबीपासून दोन बोटे दूर आणि रोज जागा बदलून. एकाच जागी टोचत राहिले की तिथे मऊ गाठ धरते. ती दुखत नाही, म्हणून माणसे मुद्दाम तिथेच टोचतात. गाठीतून इन्सुलिन कधी शोषले जाते, कधी नाही, आणि वहीत न उलगडणारे आकडे दिसू लागतात. आकडे न जुळणाऱ्याने डोस वाढवण्याआधी स्वतःचे पोट बोटांनी चाचपून बघावे.

टाइप १ मधुमेह असेल, म्हणजे शरीर स्वतःचे इन्सुलिन जवळजवळ करतच नसेल, तर ताप-उलट्यांत ‘खाल्ले नाही’ म्हणून इन्सुलिन पूर्ण बंद करू नका. इन्सुलिन अजिबात नसले की चरबी बेसुमार वितळते, किटोन नावाची आम्ले साठतात, श्वासाला फळासारखा वास येतो, श्वास खोल आणि जलद होतो. साखर २५०च्या वर, वर उलट्या, तर थेट इस्पितळ.

वही डॉक्टरांकडे नेताना

सात दिवसांच्या जोड्यांखाली शेवटच्या पानावर चार गोष्टी लिहा: चालू गोळ्या त्यांच्या मिलिग्रॅमसकट आणि घेण्याच्या वेळेसकट, आठवड्यात ७०च्या खाली किती वेळा गेली, चुकलेले डोस, आणि बेंबीच्या पातळीवर टेपने मोजलेला कमरेचा घेर. भारतीय पुरुषाला ९० सेंटिमीटर आणि स्त्रीला ८० यांच्या वर घेर गेला की यकृताभोवती चरबी साठल्याचा संशय धरतात, आणि ते यकृत इन्सुलिनचा हुकूम ऐकेनासे होते, वजनकाटा काहीही म्हणो.

मीटरही बरोबर न्या. प्रयोगशाळेत उपाशीपोटी शिरेतून रक्त घेतील त्याच पाच मिनिटांत स्वतःच्या मीटरवर एक थेंब घ्या आणि तो आकडा पावतीच्या मागे लिहून ठेवा. दुपारी अहवाल आला की दोन्ही ताडून बघा. जेवणानंतर ही तुलना करू नका, तेव्हा बोटातले रक्त शिरेतल्यापेक्षा मुळातच गोड असते. उपाशीपोटीचा फरक १५ टक्क्यांच्या आत असेल तर मीटर चालू ठेवा. बाहेर गेला तर नवी डबी फोडून दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासा. बहुधा दोष मीटरचा नसून पावसात उघड्या राहिलेल्या स्ट्रिपचा निघतो.